बाकड्यावरचं नाव: रंकाळ्यावर लघुपट करायचा आहे, तुमची मदत हवी

रंकाळाकाठ | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात आहे ते आज लिहून टाकते. मला एक लघुपट करायचा आहे, आठ-दहा मिनिटांचा. विषय आहे कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेली बाकडी.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, आयुष्यभर उद्यमनगरात लेथवर होते. रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी साडेपाचला घरातून निघायचे, रंकाळा तळ्यावर एक फेरी मारायचे आणि ठरलेल्या एका बाकड्यावर दिवेलागणीपर्यंत बसायचे. सहा वर्षं हा नेम चालला. त्या वेळेत कुणी फोन केलेला त्यांना खपायचा नाही. गेल्या वर्षी ते गेले. सगळे पाहुणे पांगल्यावर एका संध्याकाळी मी एकटीच जाऊन त्या बाकड्यावर बसले. उठताना ओढणी अडकली म्हणून मागे वळले, तर टेकायच्या जागेवर नाव. 'कै.' आणि पुढे एक अनोळखी नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ', त्याखाली मुलांची नावं. ऑइलपेंट बराच उडालेला. ते नाव इथे लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना अजून विचारलेलं नाही.

अण्णा सहा वर्षं त्या नावाला पाठ टेकून बसत होते. पाऊस आला की छत्री घेऊन त्यांना आणायला मी कितीदा गेले असेन. पण ते बसलेले असायचे, म्हणून नाव कधी दिसलंच नाही.

मला पडद्यावर एवढंच दाखवायचं आहे. माणूस बसला की नाव झाकतं, उठला की दिसतं. कॅमेरा जागचा हलवायचा नाही. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बाकड्यावर कोण कोण येऊन बसतं ते टिपायचं, आणि प्रत्येक जण उठला की नावाचा थोडा थोडा भाग वाचता यायचा.

माझ्याकडे एक जुना मिररलेस कॅमेरा, बरा ट्रायपॉड आणि एक मैत्रीण आहे. अडलंय ते असं: खरी नावं दाखवावीत का? घरच्यांना शोधायचं कसं? निवेदन हवं की नको? आणि कोल्हापुरात अशी आणखी कुठली बाकडी तुमच्या ओळखीची आहेत?

मंगळवारपेठी | सोमवार, रात्री १०:५२

ताई, वाचून गप्पच झालो बघा. माझे आबा पण तिकडंच बसायचे, संध्यामठाच्या बाजूला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मठ उघडा पडायचा, आणि ते बोटानं दाखवत म्हणायचे, यंदा किती खांब दिसतात बघ.

एक सांगतो. ही बाकडी जागची हलत्यात. रस्ता रुंद झाला, नवं गटार झालं, की चौघं मिळून बाकडं उचलत्यात आणि मोकळी जागा दिसंल तिथं ठेवत्यात. आमच्या तालमीपुढं एक होतं, ते आता दोन गल्ल्या सोडून दवाखान्याच्या दारात आहे. तेव्हा बाकडं जिथं आहे तिथंच त्या माणसाचं काहीतरी असणार, असं धरून चालू नका. आधी चौकशी करा.

आणि अक्षरांकडं नीट बघा. मयत माणसाचं नाव आणि देणाऱ्यांची नावं, यात मोठं कुठलं आहे ते बघा. मला त्याचा राग येत नाही. पोरांनी पगारातनं पैसे साठवून दिलेलं असतंय. पण कॅमेऱ्याला ते दिसलं पाहिजे.

उत्तरेकडचा करवीरकर | मंगळवार, पहाटे ३:२०

मी एडिनबरात राहतो. इथे शहराच्या मधोमध प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्स नावाची बाग आहे, खडकावरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथे बाकांची रांगच्या रांग आहे आणि बहुतेक प्रत्येकावर पितळी पट्टी. पट्टी लहान असते, वाचायला वाकावं लागतं. नाव, जन्म-मृत्यूची सालं आणि एखादं वाक्य, बहुतेक वेळा त्या माणसाला ही जागा किती आवडायची याबद्दल. कुणी पट्टीशेजारी फुलं बांधून जातं.

ब्रिटनमध्ये ही रीत इतकी पसरली आहे की बऱ्याच बागांत आता नव्या बाकाला जागा उरलेली नाही. अनेक ठिकाणी ते ठरावीक मुदतीसाठीच देतात, साधारण दहा वर्षं, पुढे पुन्हा पैसे भरायचे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८६ पासून बाक दत्तक घ्यायची योजना आहे. तिथे दहा हजारांच्या आसपास बाकं आहेत.

मला मोठा फरक वाटतो तो असा. इथे बाक ठेवतात ते गेलेल्या माणसाला जे दृश्य आवडायचं ते तुम्हीही बघा म्हणून. आपल्याकडे बाकडं ठेवतात ते थकलेल्याला टेकता यावं म्हणून. पाणपोई, धर्मशाळा, झाडाभोवतीचा पार, त्याच ओळीतलं ते. म्हणून आपलं बाकडं सरकारी दवाखान्यासमोर, एसटीच्या थांब्यावर, स्मशानाच्या वाटेवर सापडतं. तिथे बघण्यासारखं दृश्य काहीच नसतं. लघुपटात हे आलं तर तो इथल्या कुठल्याही बागेतल्या लघुपटापेक्षा वेगळा होईल, आणि इथल्या लोकांनाही दाखवता येईल.

रंकाळाकाठ | मंगळवार, सकाळी ७:४०

मंगळवारपेठी दादा, बाकडं हलवलेलं असू शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. अण्णा तळ्याकडे बघत बसायचे म्हणून मी धरून चालले होते की ते अनोळखी गृहस्थही तसेच बसत असतील. चौकशी सुरू करते.

करवीरकर, 'टेकता यावं' हा शब्द वहीत लिहून ठेवला.

कळशी | मंगळवार, सकाळी ९:०५

आपल्याकडे नाव घालायची सवयच आहे ना. माझ्या आजीच्या तांब्यावर तिच्या आईचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे. भांडी घेतली की दुकानातच मशीनवर नाव घालून घ्यायचं. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर 'यांच्या स्मरणार्थ', पायरीच्या फरशीवर, घड्याळाच्या काचेवर. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही आणि वारा लागतो. तुमच्या बाकड्यासारखंच झालं हे.

बाकड्यांवर बायकांची नावं किती आहेत तेही बघाल का? मी रंकाळ्यावर फिरते तेव्हा शोधत असते. हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी सापडतात, आणि त्यातल्या काहींवर नुसतं 'मातोश्री'. नावाने कुणी हाक मारलेली दिसत नाही.

वीरगळवेडा | मंगळवार, दुपारी १:३०

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही कोल्हापूरच्याच.

पहिली, करवीर तालुक्यातलं बीड गाव. तिथे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, बघायला जा. वीरगळाची मांडणी खालून वर वाचायची. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर, त्याच्या वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. बहुतेकांवर नाव नाही. माणूस कोण ते कुणाला ठाऊक नाही, पण तो कसा गेला ते आजही दिसतं. बाकड्याचं याच्या नेमकं उलट आहे: नाव आहे, माणसाचं बाकी काहीच नाही. लघुपटात एखादा वीरगळ दाखवा असं मी म्हणत नाही, पण चौकट ठरवण्याआधी तासभर त्यांच्यासमोर बसून या.

दुसरी गोष्ट लांबची आहे. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेहून परत येताना इटलीत फ्लॉरेन्स इथे वारले. ऐन विशीत. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला आणि १८७४ मध्ये तिथेच त्यांचं स्मारक उभं राहिलं. वर छत्री, खाली अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. आपला न्यू पॅलेसही त्यांनीच आखला. आज ती जागा म्हणजे कासिने बागेचं टोक आहे. लोक तिथवर फिरायला येतात, सायकली टेकवतात. जवळच्या पुलालाही 'इंडियानो' म्हणजे भारतीय माणसाचं नाव पडलं आहे. तिथे रोज येणाऱ्या किती जणांना कोल्हापूर माहीत असेल? तरी एक कोल्हापूरकर तिथल्या संध्याकाळचा भाग झाला आहे. तुमचे अण्णा आणि ते अनोळखी गृहस्थ यांचं नातं मला असंच वाटलं.

ध्वनी आणि सावली | मंगळवार, रात्री ९:१०

मी लग्नाचे व्हिडिओ करतो, दोन लघुपटांना ध्वनी दिला आहे. कामाचं तेवढं लिहितो.

चौपाटीच्या बाजूची बाकडी तळ्याकडे तोंड करून आहेत, म्हणजे पश्चिमेला. सकाळी टेकायची बाजू सावलीत असते आणि अक्षरं सपाट दिसतात. संध्याकाळचं तिरपं ऊन सरळ अक्षरांवर येतं, उडालेल्या रंगाचे कंगोरेही दिसतात. अंबाबाईच्या किरणोत्सवाचे, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोहोचतात ते दिवस तुम्हाला माहीतच आहेत, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. त्याच सुमाराला आकाश स्वच्छ असतं. नाव पूर्ण वाचायचा शॉट तेव्हासाठी राखून ठेवा.

कॅमेरा तळ्याच्या बाजूला लावावा लागेल आणि तिथे जागा कमी आहे. फिरणारी माणसं मधून जाणारच. जाऊ द्या, त्यांना थांबवू नका. ट्रायपॉडच्या पायांभोवती खडूने खुणा करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच चौकट मिळेल. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक करा. पांढरा शर्ट घातलेले आजोबा बसले की कॅमेरा आपणहून अंधार करतो, आणि मग दोन शॉटमधला जोड लपत नाही. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे पदपथावरचे दिवे लागल्यावर चित्र लुकलुकणार नाही.

ध्वनीला वेळ द्या. तळ्यावरून वारा येतो, माइकला केसाळ टोपी घालाच. प्रत्येक वेळेला पाच मिनिटं नुसता परिसर रेकॉर्ड करा: पहाटेचे पक्षी, भेळेच्या गाडीवरचा चमचा, शाळेच्या रिक्षा. पार्श्वसंगीत घालू नका असं माझं मत आहे. निवेदनही नको. बसलेली माणसं जे बोलतात तेवढंच पुरे, आणि त्यासाठी त्यांची परवानगी आधी घ्या.

महापालिकेच्या बागेत आणि पदपथावर ट्रायपॉड लावायचा तर लेखी परवानगी काढून ठेवा. अर्जात तारीख, वेळ, माणसं किती आणि कॅमेरा कुठला ते लिहा.

नदीघाट | बुधवार, सकाळी ८:२५

२०१९ च्या पुराची आठवण आली म्हणून लिहितो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा आणि ४३ फुटांना धोका. त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. ओसरल्यावर आम्ही गल्लीतली पोरं गाळ काढत होतो. एक बाकडं चिखलाने इतकं माखलेलं की दगडच वाटला. बादलीने पाणी ओतलं, हाताने पुसत गेलो. आधी 'स्मरणार्थ' आलं, मग आडनाव, मग नाव. कोण होते काही ठाऊक नाही. तरी आमच्यातला एक जण आत जाऊन उदबत्ती घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं. १५ मिनिटांनी आम्ही सगळे त्याच बाकड्यावर चहा पीत बसलो होतो.

२०२१ ला परत पाणी आलं. बाकडं तिथंच आहे.

कळशी | बुधवार, सकाळी ८:४०

नदीघाट, 'आधी स्मरणार्थ आलं, मग आडनाव, मग नाव.' रंकाळाकाठ ताई, ही तुमची पटकथाच आहे.

दुसरी बाजू | बुधवार, दुपारी ४:००

मी थोडा विरोध नोंदवतो, रागावू नका. कल्पना सुंदर आहे, पण दहा मिनिटं एकाच चौकटीत प्रेक्षक बसणार नाही. एक गोष्ट रचा. दोन पात्रं घ्या, एकाच बाकड्यावर रोज वेगवेगळ्या वेळी येणारी. खरी नावं टाळा, कुणाच्या घरचं दुःख ढवळू नका. कोल्हापूर ही गोष्टी सांगणाऱ्यांची चित्रनगरी आहे. बाबूराव पेंटरांपासून भालजी पेंढारकरांपर्यंत इथल्या सगळ्या दिग्दर्शकांनी गोष्टच सांगितली.

रंकाळाकाठ | बुधवार, रात्री ११:३०

दुसरी बाजू, रागावले नाही. तुमचं वाचून दोन तास विचार केला.

तुम्ही बाबूरावांचं नाव घेतलंत. त्यांच्या कॅमेऱ्याची गोष्ट अण्णा मला नेहमी सांगायचे, कारण ती त्यांच्या धंद्यातली होती. आनंदराव आणि बाबूराव या मामे-आतेभावांनी मिळून देशी कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, तो कॅमेरा पुरा केला आणि त्यावरच मूकपट काढले. खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ दिसला की अण्णा म्हणायचे, 'हे भावाचं स्मारक आहे, लोकांना वाटतंय कॅमेऱ्याचं आहे.' गेलेल्या माणसासाठी वस्तू घडवायची आणि ती वापरत राहायची, हे या गावाला कळतं असं मला वाटतं. म्हणून गोष्ट रचायची नाही. बाकडं वापरलं जातंय तेवढंच दाखवायचं. कंटाळवाणं होण्याचा धोका आहे, तो मी पत्करते.

नावांबद्दल मात्र तुमचं पटलं. घरच्यांनी होकार दिला तरच नाव पूर्ण दाखवायचं. नाही तर शेवटपर्यंत कुणीतरी बसलेलंच राहील.

सुलभाताई_क | गुरुवार, पहाटे ५:१०

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते आहे.

रंकाळ्यावरच एक बाकडं आमचं आहे. माझ्या मुलाच्या नावाचं. तो बावीस वर्षांचा होता. यांनी हौसेने अक्षरं काढून घेतली, निळ्या रंगात, त्याला निळा आवडायचा. मला तो दगडावर लिहिलेला बघवेना. 'कै.' ही अक्षरं त्याच्या नावाला लावलेली बघवेनात. बारा वर्षं मी त्या बाजूने फिरायला गेले नाही, उलटी फेरी मारून मागे वळायचे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी रिक्षातून जाताना नजर गेली. एक मुलगा आणि एक मुलगी बसली होती, मध्ये भडंगाची पुडी. मुलगी हसून इतकी मागे रेलली की तिची वेणी अक्षरांवर आली. मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. मी उतरले नाही, नुसती बघत बसले. वाईट वाटलं नाही, एवढंच सांगते. घरी आल्यावर यांना सांगितलं, तुम्ही चांगलं केलंत. हे त्यांना बारा वर्षांत पहिल्यांदा म्हटलं.

बाई, एकच मागणं आहे. रिकामं बाकडं आणि वाळलेलं पान असं काही दाखवू नका. माणसं बसलेली दाखवा.

मंगळवारपेठी | गुरुवार, सकाळी ६:३०

नमस्कार करतो ताई.

ध्वनी आणि सावली | गुरुवार, सकाळी ७:१५

सुलभाताई, माझ्याकडून शब्द. संगीत नाही, पान नाही. ध्वनीचं सगळं काम मी येऊन करतो, पैसे नकोत.

रंकाळाकाठ | पुढच्या आठवड्यातला रविवार, रात्री ९:४५

उशिरा लिहितेय, बरंच घडलं.

परवानगी मिळाली. आज पहाटे पावणेसहाला कॅमेरा लावला. पहिली आली ती झाडणारी मावशी. कुणी बसायच्या आधी ती प्रत्येक बाकडं फडक्याने पुसून घेते. मी नावाबद्दल विचारलं तर म्हणाली, 'मला वाचाय येत न्हाई बाळ. पण हितं एक टोपीवालं आजोबा बसायचं, ते न्हाईत आता. मी त्यांची बाजू जरा जास्त पुसतो.' टोपीवाले आजोबा म्हणजे अण्णा. मी कॅमेऱ्यामागे तोंड लपवलं. ध्वनीदादांनी आवाज घेतलेला आहे. मावशींना विचारून तो ठेवणार आहे.

आता त्या नावाबद्दल. खाली लिहिलेल्या मुलांच्या आडनावावरून विचारत विचारत गेले, आणि पंक्चर काढण्याचं दुकान चालवणारे त्यांचे नातू भेटले. मंगळवारपेठी दादा, तुमचंच खरं निघालं. बाकडं रंकाळ्यावर ठेवलेलंच नव्हतं. ते होतं गावाच्या दुसऱ्या टोकाला एका बस थांब्यावर, कारण आजोबा पायाने अधू होते आणि त्यांना तिथे उभं राहून बसची वाट बघावी लागायची. त्या थांब्यावर बसायला काही नव्हतं. रस्ता रुंद झाला तेव्हा बाकडं उचललं गेलं, आणि घरच्यांना वाटलं की फोडून टाकलं. नातवाने फोटो बघितला आणि काही न बोलता दुकानाचं शटर खाली ओढलं. आम्ही दोघं त्यांच्याच गाडीवरून रंकाळ्यावर आलो.

ते आधी उकिडवे बसले आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. 'पांढरा रंग मी भरला होता, नववीत होतो,' म्हणाले. मग बसले. बाकड्याच्या एका टोकाला, शेजारी एका माणसाची जागा सोडून. अण्णाही तसेच बसायचे.

नाव दाखवायला त्यांनी होकार दिला. 'रंग परत मारू का?' असं विचारलं. मी म्हटलं, चित्रीकरण संपेपर्यंत थांबा, मग आपण दोघं मारू.

उत्तरेकडचा करवीरकर | सोमवार, पहाटे २:५०

अधू पायांच्या माणसाचं बाकडं, आणि त्यावर सहा वर्षं लेथसमोर आयुष्यभर उभं राहिलेला माणूस बसला. टेकता यावं म्हणूनच होतं ते.

सुलभाताई_क | सोमवार, पहाटे ५:०५

बाई, पुढच्या रविवारी आमचं बाकडं घ्या. शालिनी पॅलेसच्या बाजूला आहे, निळी अक्षरं. मी येऊन बसेन. यांचे गुडघे दुखतात, पण तेही येतील. नाव आमच्या पाठीमागे झाकलं जाईल, चालेल.

रंकाळाकाठ | सोमवार, सकाळी ६:२०

सुलभाताई, संध्याकाळी पाचला मी स्वतः रिक्षा घेऊन तुमच्या दारात येते. त्या बाजूला ऊन कसं पडतं ते ध्वनीदादा आदल्या दिवशी बघून ठेवणार आहेत. येताना भडंग आणते. जितका वेळ बसावंसं वाटेल तितका वेळ बसा, कॅमेरा मी बंद करणार नाही.